बिनसमुद्राचा स्वर्ग

आधीच सांगून टाकते, चूक माझी. लोकांनी मासळीवाल्या रमेदीला नावं ठेवली, नव्या फादरना ठेवली, तिच्या सुनेलाही ठेवली. त्या बिचारीचा तर काडीचा संबंध नव्हता. यादी मी केली होती. उत्तनच्या आमच्या कोळीवाड्यातल्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, रविवारच्या मराठी मिस्सेला, म्हणजे सामुदायिक प्रार्थनेला, बायबलमधलं कुठलं वाचन कोणी करायचं हे वीस वर्षं मी ठरवते. रिटायर्ड टीचर दुसरं करणार तरी काय? सगळं गाव मला फिलूटीचर म्हणतं, आणि माझं डोकं लवकर तापतं हेही सगळ्या गावाला ठाऊक आहे.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. मीरा रोडला हाटकेशमध्ये मुलगी राहते, तिच्याकडे पाचव्या मजल्यावर पडून होते. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्याने यादी करतेय. यादीत मे महिन्यातला एक रविवार होता. त्या दिवशीचं दुसरं वाचन म्हणजे योहानाला झालेलं स्वर्गाचं दर्शन. नवं आकाश, नवी पृथ्वी, देव स्वतः माणसांचे डोळे पुसणार, सगळं छान. पण सुरुवातीलाच एक एवढीशी ओळ आहे, की आता समुद्र उरला नाही. त्या वाचनापुढे मी रमेदीचं नाव लिहिलं आणि मोकळी झाले. अकरा वर्षं तो उतारा तिच्या वाटेला येऊ न देणारी मीच!

का येऊ देत नव्हते, ते सांगते. रमेदीचा नवरा पास्कोल समुद्रात गेला. दोन हजार चौदाचा ऑगस्ट, पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठून आठ दिवस झाले होते. पहाटेच्या अंधारात एका मोठ्या जहाजाने त्यांच्या बोटीला धडक दिली आणि थांबलंसुद्धा नाही. सहा जण होते. पाच जणांना दुसऱ्या बोटीने वर काढलं, पास्कोल काही सापडला नाही. नऊ दिवस गावच्या सगळ्या बोटी शोधत होत्या. टोपी नाही, चप्पल नाही, काही म्हणजे काही हाती लागलं नाही.

सरकारने सात वर्षांनी त्याला मेला असं ठरवलं. रमेदीने नाही ठरवलं. तशी ती भोळी नाही हो, तो जिवंत असेल असं तिच्या मनात कधीच नव्हतं. तिचं म्हणणं एकच, समुद्राने माझा माणूस नेलाय, समुद्राने तो परत द्यावा. हाड देऊ दे, दात देऊ दे. तोवर त्याच्या नावाची मिस्सा नाही, सिमेट्रीत दगड नाही, नोव्हेंबरात मेलेल्यांची नावं वाचतात त्यात त्याचं नाव नाही. मुलगा सूरज दरवर्षी गयावया करायचा. "आई, पप्पांच्या नावाने एक मेणबत्ती लावायला तरी कुठेतरी जागा पाहिजे ना!" ती म्हणायची, "जागा हाय. एवढा मोठा दर्या हाय, लाव की." सूरज काशीमीऱ्याला एका गोदामात हिशेबनीस आहे, राहतो हाटकेशला, आमच्या मुलीपासून दोन गल्ल्या सोडून. सरळ पोरगा आहे. बाप गेला तेव्हा एकोणीसचा होता, आणि बापासाठी त्याला कोणी धड रडूही दिलं नाही. हे मी रमेदीला तोंडावर बोललेय, म्हणून इथे लिहायला मला भीती नाही.

बोटी आल्या की किनाऱ्यावर मासळी निवडायला रमेदी सगळ्यांत पुढे. बोंबील वेगळे, जवळा वेगळा, कचरा वेगळा. बाकीच्या बाया कचरा न बघता फेकतात, रमेदी चिवडून बघते. अकरा वर्षं बघतेय. काय शोधतेस असं तिला कोणी विचारत नाही, सगळ्यांना माहीत आहे.

वाचायला तिला मी शिकवलं. चौथीत शाळा सुटलेली. पंचेचाळीस वर्षांची झाल्यावर एक दिवस मासळीची पाटी डोक्यावर घेऊन माझ्या दारात उभी. "टीचर, मना देवाचं वाचायचं हाय. शिकल्यासवरल्या बाया वर चढून वाचतात, आमी मासळीवाल्या काय खाली बसून नुसत्या ऐकनार?" दोन वर्षं लागली. जोडाक्षराला अडखळली की अक्षरालाच शिवी द्यायची. पण वर उभी राहून पहिल्यांदा वाचलं तेव्हा माइकची गरज पडली नव्हती. भाईंदरच्या बाजारात ओरडून कमावलेला आवाज तो, मागच्या बाकावर झोपलेले म्हातारे दचकून उठले.

तर त्या रविवारी माझ्या यादीप्रमाणे रमेदी वाचायला उभी राहिली. मी हाटकेशला, मला पत्ता नाही. पुढचं मला दहा जणांनी दहा प्रकारे सांगितलं, आणि व्हिडिओ तर संध्याकाळपर्यंत मीरा रोडच्या कॅथलिक ग्रुपवरही फिरत होता. ती नव्या आकाशापर्यंत आली, नव्या पृथ्वीपर्यंत आली, आणि थांबली. बोट ओळीवर. ओठ हलतायत, आवाज नाही. लोकांना वाटलं जोडाक्षर अडलं. मग तिने मान वर केली आणि सरळ फादरांकडे बघून म्हणाली, "न्हाय. हे मी वाचनार न्हाय."

फादर खुर्चीतून अर्धे उठले.

"दर्याच न्हाय उरला तर माझा मानूस कुठनं येनार? असला स्वर्ग मना नको." असं म्हणून पुस्तक मिटलं, आणि हा प्रभूचा शब्द आहे असं शेवटी म्हणायचं असतं ते न म्हणता खाली उतरून जाग्यावर बसली. ऑर्गनवाल्याने घाबरून भलतंच गाणं सुरू केलं म्हणतात.

गावात दोन तट पडले. अर्धे म्हणाले देवाच्या शब्दाचा अपमान झाला. उरलेले अर्धे गप्प होते, कारण त्यांच्या घरातलंही कोणी ना कोणी समुद्रात गेलेलं आहे.

तिसऱ्या दिवशी फादर तिच्याकडे गेले. मीही तोवर उत्तनला परतले होते, काळा चष्मा लावून त्यांच्या मागोमाग गेले. चूक माझी होती ना! रमेदी वलांडीपाशी उभी होती. वलांडी म्हणजे बांबूची उंच चौकट, आडव्या दोऱ्या लावलेली. दोन बोंबलांची तोंडं एकमेकांत अडकवायची आणि जोडी दोरीवर टाकायची. ती जोड्या टाकत राहिली, आम्हाला बसा म्हणालीसुद्धा नाही.

फादर तरुण आहेत, अभ्यासू आहेत, माणूस वाईट नाही. समजावून सांगायला लागले. "रमेदीबाय, त्या काळचे लोक समुद्राला फार घाबरायचे. समुद्र म्हणजे संकट, मरण. ते मरण उरणार नाही, एवढंच योहानाला सांगायचंय."

"घाबरायचे त्यांचा न्यावा दर्या. आमचा कशाला?"

"तसं नव्हे. योहान एका बेटावर कैदेत होता. समुद्रामुळे तो आपल्या माणसांपासून तुटला होता."

"योहान कोनाचा पोर?"

"जब्दीचा."

"आन जब्दी काय करायचा?"

फादर माझ्याकडे बघायला लागले. मी कशाला मदत करू? "मासेमारी," ते म्हणाले.

"बघा! कोळ्याचा पोर. बापाला होडीत जाल्यांसकट बसवून निघून गेला, आन म्हातारपनी बोलतोय, दर्या नको. आमचा सूरज पन तसाच. हाटकेशला गेला आन आता बोलतो, आई, लिफ्टमधून येशील तेव्हा बोंबील नको आनू, सोसायटीवाले बोलतात." आणखी एक जोडी दोरीवर गेली. "आन त्या स्वर्गात काय, सोन्याचा रस्ता, उंच भिंत, बारा गेटं. फादर, हे मी मीरा रोडला बिल्डरच्या बोर्डावर रोज वाचते. टॉवरवाल्यांचा स्वर्ग हाय हा."

मला हसू आलं, ते मी खोकल्यावर ढकललं. फादरही थोडे हसले आणि तिथेच फसले. म्हणाले, "स्वर्गात सिंहासनासमोर काचेसारखा समुद्र आहे, असंही योहानाने पाहिलंय."

"काचेचा? आन त्याच्यात जालं कुठं टाकू?" आता मात्र तिने हात थांबवले. "फादर, येशू मेलेल्यांतून उठला, मग किनाऱ्यावर आला का न्हाय? निखाऱ्यावर मासळी भाजली का न्हाय? शिष्यांना या जेवा बोलला का न्हाय? राजा हाय तो. तुमीच बोलता, सगल्यावर त्याचं राज्य. त्याला दर्यावर राज्य करता येत न्हाय म्हनून पुसून टाकनार काय? पास्कोल त्याच्यात हाय. दर्या पुसला तर माझा मानूस पन पुसला जाईल, कलत कसं न्हाय तुमाला?"

शेवटचं वाक्य बोलताना तिचा आवाज फाटला. अकरा वर्षांत मी तो पहिल्यांदा फाटताना ऐकला, आणि माझ्या ऑपरेशन झालेल्या डोळ्यातून पाणी यायला लागलं. डॉक्टरांनी रडायची मनाई केली होती.

फादरांच्या हातात तरी काय होतं? वरून दबाव, देवळाच्या कमिटीचा दबाव. ते म्हणाले, "पुढच्या रविवारी वर येऊन एवढंच म्हणा, की माझं चुकलं. नाहीतर मला तुमचं नाव यादीतून काढावं लागेल."

"काढा," रमेदी म्हणाली, आणि पाठ वळवून बोंबील टाकायला लागली.

नाव निघालं. खोडलं मीच, माझ्याच पेनने. रमेदी दर रविवारी देवळात यायची, पण अगदी शेवटच्या बाकावर बसायची आणि वाचन सुरू झालं की छातीवर हात बांधायची. सगळे वाचणारे तिच्याकडे बघून अडखळायला लागले. एकीने तर मला सांगितलं, टीचर, ती बसलेली असेल तर माझं नाव लिहू नका. मी म्हटलं, मग घरी बस!

ऑगस्ट संपता संपता पुन्हा डोळा दाखवायला मी हाटकेशला गेले होते. दुपारची वेळ. बेल वाजली. दार उघडलं तर रमेदी, घामाने निथळतेय, कडेवर पाटी. खालच्या वॉचमनने पाटी बघून लिफ्टला नाही म्हटलं होतं, पाच मजले चढून आली होती. पाटीवरचं फडकं तिने बाजूला केलं. आत मासळी नव्हतीच, बायबल होतं, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं.

"अगं, मग त्याला दाखवायचं ना, आत मासळी नाही म्हणून!"

"कशाला दाखवू? असती तर काय झालं असतं?" ती खाली लादीवरच बसली. पाणी दिलं ते बाजूला ठेवलं. "टीचर, तीन महिने मी ते पुस्तक उलटं वाचतेय, रोज एक-दोन ओळी. जालं साफ करताना आमी शेपटाकडनं धरतो ना, तसं. शेवटच्या पानावरनं मागं मागं. आन हे बघा काय गावलं."

बोट ठेवलं ते समुद्र उरला नाही त्या ओळीच्या जरा वर. आदल्याच अध्यायात, शेवटच्या न्यायाच्या वेळी, समुद्राने आपल्या पोटातले मेलेले बाहेर दिले. मेलेली माणसं राजाच्या सिंहासनासमोर उभी, आणि समुद्राला त्यातला एकही ठेवून घेता आला नाही. ते सगळं झाल्यावर पान उलटायचं, मग समुद्र उरला नाही.

"आधी देतो," रमेदी म्हणाली. "आधी सगले परत देतो, मग जातो. लिवलंय. आन तुमाला हे म्हाईत होतं."

मला माहीत होतं का? शाळेत तीस वर्षं बायबलचा तास घेतला, तेव्हा वाचलं तर होतंच. खरं सांगते, त्या दोन ओळी एकमेकींना लागून आहेत हे मला कधी दिसलंच नाही. तिला त्रास होऊ नये म्हणून मी अकरा वर्षं ती पानं तिच्यासमोर येऊ दिली नाहीत, आणि तिला जे पाहिजे होतं ते नेमकं त्याच पानांत होतं.

"बोला की टीचर! अकरा वर्षं मना का न्हाय सांगितलं?"

"तुला वाईट वाटेल म्हणून," मी म्हणाले.

"मना वाईट वाटेल म्हनून?" ती इतक्या जोरात ओरडली की शेजारच्या हंसाबेनने दार उघडून क्या हुआ विचारलं. "मी रोज कचरा चिवडते, आन तुमी मना वाईट वाटेल म्हनून पान लपवलं! मी काय पोर हाय? मना वाचायला कशाला शिकवलंत मग?"

मी तिच्याशेजारी लादीवर बसले. दुसऱ्या कोणी असं सुनावलं असतं तर मी घराबाहेर काढलं असतं. थोड्या वेळाने तिनेच पाण्याचा ग्लास उचलला.

संध्याकाळी तीच म्हणाली, सूरजला बोलवा. सूरज कामावरून परस्पर आला. तिने त्याला सांगितलं, बापाच्या नावाची मिस्सा कर. पोरगा उभ्याउभ्या रडायला लागला. मग तिच्या अटी आल्या. मिस्सा देवळात नाही, किनाऱ्यावर. दिवस ख्रिस्तराजाच्या सणाचा, नोव्हेंबरातल्या रविवारचा. आणि वाचन ती स्वतः करणार, दोन्ही पानं.

फादरांकडे आम्ही तिघं गेलो. रमेदी म्हणाली, "माफी मागनार न्हाय. मी खोटं बोलले न्हाय तर माफी कशाची? पन त्या दिवशी अर्धं सोडलं ते पुरं वाचीन. आदल्या पानासकट." फादरांनी बायबल घेतलं, आदलं पान वाचलं, पलटून पुढचं वाचलं, परत मागे गेले. मग म्हणाले, "कमिटीला मी बघतो." त्या दिवसापासून त्यांच्याबद्दल माझं मत सुधारलं.

नोव्हेंबरच्या त्या रविवारी चार वाजता वाळूत वेदी म्हणून टेबल मांडलं, पांढरी चादर घातली, वाऱ्याने उडू नये म्हणून चार कोपऱ्यांना जाळ्याची शिशाची वजनं बांधली. अख्खा कोळीवाडा लोटला. रागावलेलेही आले, भांडण बघायला का होईना. पुढे टेबल, टेबलामागे समुद्र, आम्ही वाळूत समुद्राकडे तोंड करून. वाचणाऱ्याने आमच्याकडे तोंड करायचं असतं.

रमेदी उठली. सणाचं लाल लुगडं, गळ्यात सोन्याचे मणी. माइक घेतला नाही. टेबलाच्या बाजूने पलीकडे गेली, पाणी पावलांना लागेपर्यंत. आणि आमच्याकडे, फादरांकडे, वेदीकडे पाठ करून, समुद्राकडे तोंड करून तिने पुस्तक उघडलं.

कोणीतरी "अगं बाय, इकडं!" असं म्हणालं. फादरांनी हात वर करून त्याला गप्प केलं.

तिने वाचलं. बाजारातल्या त्या आवाजात, एकेक शब्द सुटा करून, एकही जोडाक्षर न अडता. समुद्राने आपले मेलेले बाहेर दिले, इथपर्यंत आली आणि पुस्तकातून मान वर काढली.

"आयकलंस?" ती समुद्राला म्हणाली. "राजाचा हुकूम हाय. मना वाचता येतं, म्हनून तुला वाचून दाखवतेय, मागनं म्हनू नको, म्हाईत नव्हतं. पास्कोल. इनासचा पोर. उत्तनचा. माझा नवरा. तुला तो ठेवून घेता येनार न्हाय. कितीपन खोल लपव, त्या दिवशी तुला तो द्यावा लागंल, हातपायांसकट, पुरा. आधी तो दे. मग तुला जायचं तर जा, मी अडवनार न्हाय."

मग तिने पान उलटलं आणि मे महिन्यात सोडलेली ओळ वाचली. आता समुद्र उरला नाही. सरळ वाचली, आवाज न हलवता. पुढची अश्रू पुसण्याची ओळही वाचली. पुस्तक मिटून हा प्रभूचा शब्द आहे असं म्हणाली. मागून एक म्हातारी उठली. तिचा मुलगा चाळीस वर्षांपूर्वी गेलेला. ती लंगडत पाण्यापर्यंत गेली आणि त्याचं नाव जोराने हाक मारल्यासारखं घेतलं. मग दुसरी गेली. मग एक म्हातारा, भावासाठी. मिस्सा पाऊण तास थांबली. फादर टेबलाशी उभे राहून प्रत्येक नाव ऐकत होते.

डिसेंबरात सूरजने सिमेट्रीत दगड बसवला. पास्कोलचं नाव आहे, जन्माची तारीख आहे, आणि पुढे वीतभर जागा कोरी सोडलीय. बसवायच्या दिवशी मिस्त्री म्हणाला, भाऊ, मेल्याची तारीख राहिली, आत्ता टाकतो, दहा मिनिटांचं काम आहे. सूरज आईकडे बघायला लागला.

"मेल्याची नको," रमेदी म्हणाली. "परत दिल्याची टाकायची हाय."